शनिवारी सातपूरला सुट्टी

शनिवारी सातपूरला सुट्टी असते.
प्रेस बंद, लेथ बंद, कोपऱ्यावरचा चहावालाही
अर्धं शटर ओढून पेपर वाचतो.
अशा शांततेत बटण दाबलं
तर पंख्याचा आवाज केवढा मोठा वाटतो.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला.
कंपनीचं नाव आलं आणि गेलं.
मग काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ:
सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.
खाली कर्सर लुकलुकत,
चपला न काढता दारातच थांबलेल्या
वसुलीवाल्यासारखा.

काल रात्री तर चालत होता.
अझहर कोकणीनं जुनं पुसून नवं टाकलं,
तीनदा बंद करून चालू करून दाखवला,
चहा अर्धा ठेवला,
पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला.
सकाळच्या गाडीनं कल्याणला जायचं होतं, मावसभावाच्या साखरपुड्याला.

पुसताना तो मध्येच म्हणाला होता,
"डी ला हात लावत नाही, ताई."
डी मध्ये अण्णांची ड्रॉइंगं.
बावीस वर्षांच्या डाय, आणि फाइलींची नावं अशी:
कॅप नवीन. कॅप नवीन खरं.
कॅप नवीन खरं हेच वापरा.
अण्णा मार्चमध्ये गेले.
सोमवारी अंबडची पार्टी त्यातलंच एक मागायला येणार.

रॅम काढली, खोडरबरानं घासली;
भाचीच्या कंपासमधला, स्ट्रॉबेरीच्या वासाचा खोडरबर.
केबली उपटून पुन्हा खोचल्या,
आधी हळू, मग जरा रागानंच.
नाण्याएवढा सेल काढला, वीस आकडे मोजले, परत बसवला.
तर कोणतं साल चालू आहे तेही त्याला आठवेना,
दोन हजार नऊ म्हणाला.
दोन हजार नऊला अण्णा याच स्टुलावर बसून
व्हर्नियर डोळ्याजवळ धरायचे.
मी तारीख लगेच नाही दुरुस्त केली.

निळ्या पानावर डिस्क दिसत होती,
नाव बरोबर, आकार बरोबर.
म्हणजे आहे.
आत सगळं आहे आणि शिरायचं कुठून
तेवढं ठाऊक नाही.

अझहरचा फोन कसाऱ्याच्या घाटात दोनदा तुटला.
तिसऱ्यांदा विचारलं त्यानं,
"काल तीनदा चालू केला तेव्हा
माझा पेनड्राइव्ह लागलेलाच होता का?"
होता.
पलीकडे वारा, हॉर्न, कुणाचं तरी बाळ,
मग त्याचं ओशाळं हसू.
"घर तुमच्याकडेच आहे, ताई.
उंबरा माझ्या खिशात आलाय."

आता दुसरा पेनड्राइव्ह कुठून आणू?
चहावाल्यानं रेडिओतला काढून दिला.
म्हटलं, यातली गाणी जातील हं.
"जाऊ द्या, पाठ आहेत."
झेरॉक्सवाल्या पगारेनं तो भरून दिला,
पैसे घेतले नाहीत, अण्णांचं विचारलंही नाही,
नुसतं स्टूल पुढे सरकवलं.

मग काळ्या खिडकीत एक आज्ञा लिहायची होती,
आणि अझहर गाडीतून एकेक अक्षर ओरडून सांगत होता:
बी भद्रकालीचा. सी सिडकोचा.
डी द्वारकेचा. परत भद्रकाली.
ओ ओझरचा. अजून एक ओझर.
टी त्रिमूर्ती चौकातला.
त्या गाडीतल्या लोकांना वाटलं असेल
हा माणूस कुणाला तरी पत्ता समजावतोय
आणि तो पोचतच नाहीये.

एंटर.
पेनड्राइव्ह उपटला. बटण दाबलं.
पंखा, हिरवा दिवा, कंपनीचं नाव,
आणि उजेड.

डी उघडून पाहिला. हेच वापरा, तिथंच होतं.
उघडलं नाही. सोमवारी उघडेन.

कोपऱ्यावर चहावाला पाठ असलेलं काहीतरी
भलत्याच सुरात म्हणत होता.
मी कॉम्प्युटर बंद केला. परत चालू केला. बंद केला.
अझहरनं तीनदा केलेला,
मी चौथ्यांदाही करून पाहिला,
कुठंच काही न खोचता.