विल्होळीचा बोर्ड

तीन ओळी, ओळीत बारा घरं.
मात्रेला, रफाराला वरची रांग लागते,
उकाराला खालची,
आणि खालची रांग पावसाळ्यापासून मेलेली.
'मृत्यू' टाइप केला की
हायवेवर 'मत्य' उजळतं.

अहिरे साहेब म्हणाले, मग आकडा टाका,
आकड्याला उकार नसतो.
टाकला.
यंदा ठार: ४१.
आठवडाभर रडारची नोंद पाहिली.
आकड्याखालून जाताना गाड्या
ताशी एक किलोमीटरनं हळू.
एक.
एकेचाळीस माणसांचा मिळून एक.

मग घरातली भाषा आणली.
'पोचलास की फोन कर'
ताशी दोन.
'आई जागी आहे'
हे वरून काढायला लावलं,
शासकीय बोर्डाला आई नसते म्हणाले.

टपरीवर नवसू भोये भेटला,
पिकअपमध्ये कोथिंबीर, उजाडायच्या आत वाशी.
ताई, तो बोर्ड तुम्ही लिहिता?
छान लिहिता.
परवा वाचता वाचता पुढच्या टेम्पोला
इतका चिकटलो, की त्याच्या पाठीवरचंपण
वाचून झालं.
तो हसला. माझा चहा तसाच राहिला.

त्या रात्री ऑफिसात स्टॉपवॉच लावून
माझीच वाक्यं मला मोठ्यानं वाचून दाखवली.
ऐंशीच्या वेगाला चार सेकंद मिळतात,
म्हणजे एक श्वास, फार तर दीड.
क्रियापद खोडलं.
'कृपया' खोडलं,
तसाही त्याचा पाय कधी पेटला नव्हता.
उरलं 'सावकाश'.
चार अक्षरं, दोन काने,
खाली काही लोंबत नाही.
एवढ्यासाठी मी सहा महिने पगार घेतला.

मंगळवारी धुकं उतरलं,
पांडवलेणीचा डोंगर पुसून गेला
आणि कंट्रोलरचं डोकं फिरलं.
रात्रभर बोर्डावर
डाव्या कोपऱ्यात एकच दिवा,
लागतोय, विझतोय,
काहीतरी सांगायचंय आणि
शब्द सापडत नाही असा.
त्या रात्री गाड्या ताशी अकरानं हळू झाल्या.
नवसूचीही असेल त्यात.

धुक्यामुळे हो, अहिरे म्हणाले.
असेल.

अहवालात शेवटचा रकाना होता:
'सर्वाधिक परिणामकारक मजकूर'.
मी तिथं एक टिंब दिलं.
साहेबांना ती टायपिंगची चूक वाटली,
त्यांनी सही करण्याआधी
ते काळजीपूर्वक खोडलं.