सातव्याबद्दल एवढंच

पहिल्या टी-वर लोक बघत असतील
म्हणून ड्रायव्हर काढू नकोस, एल्स्पेथ.
चार नंबरचं लोखंड पुरे.
डावीकडे चर्चचा मनोरा दिसतो, त्याच्यावर नेम धर,
उरलेलं काम वारा करतो, फुकटात.

दुसरा सोपा आहे. घात होतो तो सोप्यावरच.
मागच्या साली गिलेस्पीने तीन फुटांवरून तीन पट घालवले
आणि पटरकडे असा बघत राहिला
की जणू त्यानेच कोणाकडे तरी चुगली केली होती.

तिसऱ्यावर तो बंकर, 'पाद्र्याची कबर'.
झेंडा त्याच्या मागे रोवला असेल तर झेंडा विसर.
ग्रीनच्या पोटात मार, दोन पट, पुढे चल.
हावरटांसाठी तिथे सहा फूट खोल जागा
आधीच खणून ठेवलेली आहे.

चौथा, पाचवा : वारा थेट तोंडावर.
जोर करशील तर चेंडू वर चढेल
आणि वर चढलेला चेंडू तुझा राहत नाही.
एक क्लब मोठा घे, झोका अर्धा,
चेंडू गवतालगत सरपटू दे.
दिसायला शोभत नाही, ठाऊक आहे.
शोभेचे गुण कार्डावर मांडत नाहीत.

सहाव्यावर सगळे गोर्सच्या काट्यांवरून उडवायला जातात.
तू वळसा घाल.
द्रविडी प्राणायाम वाटेल, वाटू दे.
एक्केचाळीस वर्षं लोकांच्या पिशव्या वाहिल्यात मी,
त्या काट्यांत शिरून हसत बाहेर आलेला
अजून एकही बघितलेला नाही.

सातवा.

कार्डावर छापलाय तो मेंढ्यांच्या कुरणातला नवा,
त्याला मी सातवा म्हणत नाही.
खरा सातवा तीन हिवाळ्यांपूर्वी गेला.
आधी उजवा बंकर, मग कुंपण,
मग एका रात्री अर्धं ग्रीन, झेंड्याच्या भोकासकट.
टी-पासून ग्रीनच्या काठापर्यंत एकशे त्रेसष्ट पावलं होती.
परवा मोजली. एक्क्याण्णव भरली.
ब्याण्णव्याला पाय टाकायला जागा नाही.

तिथे कसं खेळायचं ते अजून सांगू शकतो मी.
दीपगृहाच्या डाव्या कडेवर नेम,
चेंडू आखूड टाकायचा, उताराने तो स्वतःच जातो.
तुझ्या आईने तसाच टाकला होता एकदा,
सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, धुकं होतं.
एकदा टप्पा, दोनदा,
मग काहीच दिसेना.
आम्ही जाऊन बघितलं तर चेंडू भोकात.

ऊना ओरडली नाही.
तिने कॅनरीत आजारी असल्याचं कळवलं होतं त्या दिवशी.
म्हणाली, मर्डो, हे तू पाहिलेलं नाहीस.
कार्डावर तिने तीन लिहिले
आणि मी साक्षीदार म्हणून खाली सही केली.
एवढी एकच खोटी सही आहे माझी.
आता ती नाही, भोकही नाही,
कॅनरीच्या जागी सायकली भाड्याने मिळतात.
तेव्हा सांगायला हरकत नसावी.

पण उद्या तिथून जाताना थांबू नकोस.
सहाव्यावरून आठव्याकडची पायवाट कड्याला लागून जाते,
माणसाची चाल तिथे नकळत मंदावते,
आणि आठव्याला पाय गरम असलेले बरे.

आठ ते दहा तुला तोंडपाठ आहेत.
अकराव्यावर मी काही बोललो की तू चिडतेस,
बोलत नाही.
चौदाव्यावर शेजारच्या फेअरवेवर मार, बेशक.
नियमात बसतं आणि पाहणाऱ्यांना चूक वाटतं,
दोन्हींचा फायदा आहे.

अठराव्यावर ग्रीनच्या बाहेर तीस यार्ड राहिलीस
तरी वेज मागू नकोस, मी देणार नाही.
पटर घे. जमीन टणक आहे,
तिच्यावर विश्वास टाक, अजून तरी ती जागेवर आहे.

आणि मोज्यांच्या दोन जोड्या आण.
सकाळी दव असतं.