डुलुथ, उणे एकवीस

गॅरेजचं शटर वीतभर वर ठेवलंय,
सरोवरावरून येणारी हवा फुकट आहे, तेवढाच कूलर.
मडकं वाजवून घेतात तसा
बोर्ड दिव्याखाली तिरपा धरून बघतोय:
कपॅसिटर फुगलेत का,
सॉकेटमधली एखादी पिन मान टाकून बसलीय का.
खोक्यावर छापलंय, व्हीआरएमचे बारा फेज.
मोजले. सहाच.
बाकीचे नुसते जोडून दाखवलेले.

विकणारा हाल्वरसन डॉलर मोजताना म्हणाला होता,
‘पाचापर्यंत जातो. पुढचं विचारू नकोस.’

चार-सात. चार-आठ.
व्होल्टेज चिमटीचिमटीने,
आमटीत मीठ वाढवावं तसं.
चार-नऊला पंखे केकाटतात.
हीटसिंकला बोट लावलं
आणि ते आपसूक कानाच्या पाळीला गेलं.

पाच.
स्क्रीन निळा. मग काळा.
मग पंख्यांचासुद्धा आवाज नाही.

बटणाएवढी बॅटरी काढली, तीस आकडे मोजले,
परत बसवली.
बोर्ड सगळं विसरून उठला
आणि मलाच तारीख विचारू लागला.
मलाही पटकन आठवेना.

हाल्वरसन खोटं नव्हता बोलला.
पाचापर्यंत जातोच.
राहत नाही.

वहीत चार-आठ लिहिलं, शटर ओढलं.
पायाची बोटं केव्हाच बधिर झाली होती.