रंगाचा रकाना

हरिपुरात, वारणा कृष्णेत शिरते त्याच्या जरा खाली
कोंडाक्का भोईण शेवाळात बुट्टी बुडवते.
वर येतात झिंगे, नखाएवढे,
शेवाळासारखेच हिरवे.
दोन पावलं पलीकडं, कुजक्या पानांतले,
तपकिरी.

वहीत मी लिहिलं : रंग – हिरवा.
बरणी सांगलीला कॉलेजात आणली,
रात्री पांढऱ्या ट्रेमध्ये ओतली.

सकाळी ट्रे रिकामा.
वाकलो तेव्हा दिसले नुसते डोळे,
काळे, मोहरीहून बारीक,
जोडीजोडीनं सरकणारे.
आणि एकाच्या काचेसारख्या अंगात
कालच्या शेवाळाची रेघ,
अजून हिरवी.

‘हिरवा’ खोडला नाही.
पुढं जागा लिहिली, वेळ लिहिली,
तरी ते खोटंच वाटत राहिलं.

कोंडाक्काला सांगितलं तर हसली,
“त्यात काय! एकदा ये की आमच्यात जेवाय.
हिरवा असू दे न्हाईतर मातकट,
तव्याचा चटका बसला
की समदी लालभडक.”

म्हणजे लाल आधीपासून होतंच.
मरळीच्या नजरेखालून
रोज इकडून तिकडं नेलेलं,
आतल्या आत दाबून.

वहीत त्याला रकाना नाही.