फुकटचा डोंगर

वाचनालयाच्या फळ्यावर, दिवाळी अंकांच्या यादीखाली
खडूनं लिहिलं होतं: डोंगरभटकंती, दर दुसऱ्या रविवारी.
शुल्क नाही. पाणी आपापलं, एसटीचं तिकीटही आपापलं.
मंदा म्हणाली, "फुकट काय असते बाप्पा?
वर नेतीन अन् पाण्याचं मशीन गळ्यात मारतीन."
म्हटलं, मशीन असलं तर उतरवून आणतो.

एकतीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले.
इतवारी, मस्कासाथ, लालगंज, शेवटी मनीषनगर.
जिन्याखालचा अंधार, टॉर्च, कोळ्याचं जाळं,
आतून आवाज, "कोण आहे?"
आणि माझं उत्तर, "मीटर."
स्वतःचं नाव सांगायची वेळच आली नाही.
शहर असं सपाट, की चढ म्हणजे उड्डाणपूल.

पहाटे साडेपाचला झिरो माइलच्या खांबाशी
आम्ही सतरा जण. डिसेंबर. मफलरमधून वाफ.
दगडी घोडे तेवढे उघड्या अंगानं.
इंदल मरसकोल्हे, देवलापारकडचा, असेल सव्वीसचा,
पायात चप्पल. आमचे सगळ्यांचे बूट नवे.
त्यानं आम्हाला एकदा मोजलं,
मग आमच्याकडून मोजून घेतलं.

मनसरच्या पुढं एका फाट्यावर उतरलो.
पाऊलवाट, दव, तेंदूची ओली पानं.
कोणीतरी स्पीकर काढला. इंदल नुसता थांबला.
स्पीकर परत पिशवीत गेला.
पहिल्याच चढाला माझा भाता सुरू.
पोरं दिसेनाशी झाली, हटवार मॅडमही दिसेनाशा,
त्यांच्या तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.
मी एका धावड्याच्या बुंध्याशी वाकून
लेस बांधत राहिलो. बराच वेळ.

इंदल खाली आला.
"लेस सुटलीच नाही ना, काका?"
"नाही."
"मग चला, समोर व्हा."
"मी? मी तर सगळ्यात मागं."
"म्हणूनच. हळू चालते तो समोर राहते.
आमच्याकडं लाकडाले जातानी असंच असते.
नाही तं मागचा जंगलातच राहून जाते."

तर मी पुढं.
मागं सोळा माणसं, माझ्या दमाच्या मापानं.
मी थांबलो की सगळी थांबायची, आणि थांबलो म्हणून दिसायचं:
सालईची साल, जुन्या बिलांसारखी सुटत आलेली,
कडईचं पांढरं खोड, दिवसाही दिवा चालू राहिल्यासारखं,
अस्वलानं उकरलेलं वारूळ, माती अजून ओली.
"बरं झालं थांबलात," हटवार मॅडम म्हणाल्या.
त्यांचाही घसा वाजत होता.

माथ्यावर सांबारवडीचा डबा फिरला.
खाली तळ्याचा तुकडा, खाणीचा काळा ढीग,
आणि दक्षिणेला, धुरक्यात,
काडीएवढी कोराडीची धुराडी.
सवयीनं डोळे बारीक केले.
वाचायला आकडा नव्हता कुठंच.
मग नुसताच बघत बसलो. जमायला वेळ लागला.

निघताना इंदलला बाजूला घेतलं,
शंभराची नोट चौघडी करून.
"नको काका. हिशेब मिटला का माणूस येत नाही."
आणि खिशातून शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली.
"उतरतानी तुम्ही मागं. कोणी राहिलं तं वाजवा."
कोणी राहिलं नाही.
मी दर वळणावर मोजत होतो,
स्वतःला धरायचं विसरायचो, सोळाच भरायचे,
आणि पोटात धस्स व्हायचं.

संध्याकाळी मंदानं दारातच विचारलं,
"मग? केवढ्याले पडलं?"
मी टेबलावर एक काळा दगड ठेवला, आकाराच्या मानानं फार जड.
दुसऱ्या खिशात हात घातला, तर शिट्टी.
द्यायची राहिली होती.
"थकबाकी आहे," म्हटलं.
तिनं पदरानं पुसून ती वाजवून पाहिली.
समोरच्या घाटोळ्यांचा कुत्रा उठून बसला.