दावा क्रमांक दोनशे चौदा

पायाकुम्बुहच्या धर्मन्यायालयात
मी कारकून आहे, अठरा वर्षं.
दाव्यातल्या वस्तूंची यादी करणं माझ्याकडे.
आज यादीत एकच वस्तू: पायाची शिलाई मशीन,
काळी, सोनेरी वेलबुट्टी झिजलेली,
खणात सहा बॉबिन, खडूचा तुकडा,
आणि एक विजार,
एका पायाला दुमड घातलेली, दुसरा तसाच.

वादी दास्रिल, मेदानला टॅक्सी चालवतो.
प्रतिवादी युस्निदार, त्याची थोरली बहीण.
मयत रोस्मानियार, दोघांची आई, शिंपीण.

हाकीमसाहेब येतात. डोक्यावर काळी टोपी,
गळ्याशी वलंदेजांनी मागे ठेवलेली पांढरी कडक पट्टी,
झग्याच्या आत बायकोने निवडलेला बाटिकचा शर्ट.
तीन कायदे एकाच अंगावर,
आणि पंखा बंद.

विचारतात: मशीन कुठल्या पैशाची?
इथेच सगळं अडतं.

आजीचं शेत गहाण टाकून घेतली असेल
तर मशीन कुळाची. आम्हा मिनांग लोकांत
कूळ म्हणजे आई, तिची आई, तिची आई;
घर मुलीचं, शेत मुलीचं,
मुलगा जेवणापुरता पाहुणा.

काज-बटणं करून घेतली असेल
तर ती आईच्या स्वकष्टाची. मग किताब उघडायचा:
दोन वाटे मुलाला, एक मुलीला,
गणित इतकं स्वच्छ की हात लावायला भीती वाटावी.

आणि हप्त्याची पावती बापाच्या नावाने निघाली
तर संसारातली कमाई. आधी अर्धी-अर्धी करा,
सरकारी तिकीट डकवा, मग पुढचं बोला.

वडीलधारे म्हणतात, रूढी शरियतच्या पायावर उभी आहे.
असेल. माझ्या कपाटात
दोघींच्या फायली एकमेकींना खेटून असतात,
एक काढली की दुसरी कलंडते.

कुळाचा मामा साक्षीला आला. म्हणाला,
शेत गहाण पडतं ते चारच कारणांनी:
घरात प्रेत असेल, मुलगी लग्नाची राहिली असेल,
छप्पर गळत असेल, कुळाचा म्होरक्या बसवायचा असेल.
यात मशीन कुठे बसते?
युस्निदार हळूच म्हणाली, “छप्पर गळत होतं, मामा.
तुम्ही पैसे दिलेत. आईने पत्रे नाही आणले, मशीन आणली.
तीन पावसाळे आम्ही भांडी मांडून झोपलो.
मग मशीनने पत्रे आणले.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

मला वाटलं होतं, दास्रिलला मशीन विकायची असेल.
तो उभा राहिला, टोपी नीट केली:
“मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही.
दहा वर्षांचा झालो नि गावच्या नमाजघरात झोपायला धाडलं,
सगळ्याच मुलांना धाडतात, तक्रार नाही.
पण त्या घरात शर्ट अडकवायला
माझ्या नावाचा एक खिळा नाही, साहेब.
मुलालाही काही द्यायचं असतं
हे एका किताबातच लिहिलंय.
तेवढं मोठ्याने वाचून दाखवा.”

युस्निदारने त्याच्याकडे पाहिलं नाही.
“घर माझं, खरं आहे.
म्हणूनच तर मी मेदान पाहिलं नाही.”

मी दोघांचं लिहून घेतलं.
रकाना नव्हता, समासात लिहिलं.

पुढली तारीख वीस दिवसांनी. तोवर समेटाचा प्रयत्न.
मशीन माझ्या खोलीत, खिडकीखाली.
पावणेपाचला सगळे गेल्यावर
चाकाला नुसता हात लावला, तर फिरलं.
कुणीतरी वेळच्या वेळी तेल घालत होतं.

रात्री जकार्ताला भावाला फोन केला.
आमच्या घराचे पत्रे त्याच्या पैशांचे.
विचारलं, “तू नमाजघरात झोपायचास ना,
तेव्हा तुझे कपडे कुठे असायचे रे?”
बराच वेळ रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले.
मग म्हणाला, “ताई,
हे आत्ता विचारतेस होय?”