पाच मिनिटं तुळईला

मोती चौकातून आत वळलं की दिलावर मुलाणीचं दुकान.
बाहेर ताडपत्री, सुंभाचे दोर, बैलांच्या म्होरक्या.
आतल्या खोलीत, ठाऊक असेल त्याच्यासाठीच,
खुंटीवर टांगलेले हार्नेस.

"वजन?"
एकोणसत्तर, म्हणाले.
त्यानं धान्याच्या काट्याकडे बोट केलं.
त्र्याहत्तर आठशे.
मी पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासते,
ही नोंद मात्र त्यानं केली, वहीत, मान वर न करता,
पेंडीचं पोतं लिहावं तशी.

भाच्यानं आणून दिलेला हार्नेस मी पिशवीतून काढला.
त्याच्या कुणा मित्राचा. फुकट.
दिलावरनं शिवणीवर नख ओढलं,
ट्यूबलाइटसमोर धरला. विटका, डाळिंबाच्या सालीसारखा.
"किती उन्हाळे गच्चीवर पडला होता?"
मला काय माहीत.
"ताई, जुन्या लुगड्याची गोधडी होते.
जुन्या हार्नेसचं काहीच होत नाही."
आणि विचारून, पण उत्तराची वाट न बघता,
कात्रीनं पट्टा कापला.
म्हणजे भाचाही परत मागणार नाही.

नवा बांधायला जुबेदाभाभी आल्या.
"साडी नेसता तिथं नाही. त्याच्या वर.
हाडाच्या वर बसला तरच उलटं झाल्यावर निसटत नाही."
उलटं झाल्यावर, हे त्या इतकं सहज म्हणाल्या
की मी पोट आत घ्यायची विसरले.
बरंच झालं, म्हणाल्या, श्वास सोडलेल्या पोटाचंच माप खरं.
पट्टा बकलातून, मग उलटा पुन्हा बकलातून,
शेपूट चार बोटं उरलेलं. मांडीपाशी दोन बोटं जागा.

मग दोर तुळईवरून, आणि मी हवेत.

पाच मिनिटं, दिलावर म्हणाला, आणि घड्याळ लावून
गिऱ्हाईकाकडे गेला.
दाव्यासाठी आलेले म्हातारे आत डोकावले.
"ह्या बाईंना कशापायी टांगलंय?"
"माप घेतोय."
"हं," म्हणाले, आणि दाव्याचा भाव पाडू लागले.

दुसऱ्या मिनिटाला छान वाटत होतं.
तिसऱ्याला डावी मांडी गेली, मुंग्या, मग मुंग्याही नाहीत.
खाली उतरा, दुसरा बांधा, पुन्हा वर.
असे तीन.
तिसऱ्यात मी काठापासून सुटलेल्या होडीसारखी
हळूहळू फिरत राहिले,
तागाचा वास, भिंतीवरची पाल, पुन्हा ताग.
हाच द्या, वरूनच म्हणाले.

बूट मात्र जुने चालतात.
रबर नवं बसवलेले, अडतीस नंबर,
टाचेत बॉलपेननं कुणाचं तरी नाव, घामानं पुसट: मृण्म
पुढचं गेलेलं.
म्हणूनच शनिवारी संध्याकाळी बोलावलं होतं,
दिवसभराचे सुजलेले पाय घेऊन.
मोजे नकोत. बोटं टोकाला टेकली पाहिजेत, मुडपली नाहीत.
कासारीण बांगडी भरताना हाताची हाडं गोळा करते,
तसा भाभींनी माझा पाऊल गोळा केला,
आणि अडकला.

जोडवी.

तेवीस वर्षांत एकदाच निघाली होती, ऑपरेशनच्या वेळी.
साबण लावला. डावं निघालं, उजव्यानं वेळ घेतला.
बोटाभोवती एक पांढरी खाच,
भिंतीवरचं कॅलेंडर हलवल्यावर दिसते तशी भिंत.
सोमवारी परत घालेन. सासूबाईंच्या आधी
आमच्या शिपाई सुलोचनाबाईंचंच लक्ष जाईल.

"आता उभ्या राहा," दिलावर म्हणाला.
दुकानाच्या दगडी पायरीची झिजलेली कड,
अंगठ्याएवढी.
दोन्ही अंगठे, टाचा हवेत, हात मोकळे.
रस्त्यावरून माणसं जात होती.
पोटऱ्या थरथरल्या. पडले नाही.
दुखतंय, म्हणाले.
"दुखणारच. पण एकाच जागी दुखतंय की सगळीकडे?"
सगळीकडे.
"मग बरोबर आहेत."

भिशीतले सहा हजार मोजून दिले, दीडशे परत आले.
उद्या सहाला पोवई नाका, तिथून जीपनं यवतेश्वराकडे;
पहिल्या दिवशी कातळाला नुसता हात लावला तरी चालेल,
असं ते म्हणाले.

घरापर्यंत पिशवीत
बकलावर जोडवी वाजत होती.